मायेस्त्रा, माझा ॲक्सेंट काढून द्या

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणारी मूळची नाशिकची, वय 36, सहा वर्षांपासून टेक्सासमध्ये, सॅन अँटोनिओत राहते. नवऱ्याची नोकरी, ही डिपेन्डंट व्हिसावर, म्हणून घरी बसण्यापेक्षा जवळच्या पब्लिक लायब्ररीत आठवड्यातून दोन संध्याकाळी मोठ्या माणसांना इंग्लिश शिकवते, पैसे न घेता. वर्गात नऊ-दहा जण, सगळे स्पॅनिश बोलणारे, बहुतेक मेक्सिकोचे, एक जण होंडुरासचा, दोघी व्हेनेझुएलाच्या. त्यातली ग्वादालाहाराची एक बाई एका डेंटल क्लिनिकमध्ये सहा वर्षं मागच्या खोलीत अवजारं धुवायचं, उकळायचं काम करते. तिला पुढे रिसेप्शनवर यायचं होतं, पगार जास्त आणि पाठही दुखणार नाही. मॅनेजर म्हणाला, "फोनवर पेशंटला तुझं कळणार नाही." ती वर्ग संपल्यावर थांबली आणि म्हणाली, "मायेस्त्रा, माझा ॲक्सेंट काढून द्या." मायेस्त्रा म्हणजे बाई, शिक्षिका.

"ताई, मी काय काढून देणार? माझी नऊ वर्षांची मुलगी मला सुधारते, आई व्हेस्ट आणि वेस्ट वेगळं असतं म्हणून. नवरा म्हणतो तू ॲक्सेंट शिकवणार म्हणजे आंधळ्याच्या हातात कंदील. त्यात महिन्यापूर्वी एक अमेरिकन कॉलेजचा मुलगा व्हॉलंटियर म्हणून आलाय, सगळा वर्ग त्याच्याकडे वळून बसतो. मी सोडून देऊ का? की तिला सांगू, ॲक्सेंटमध्ये लाज कसली, अभिमान बाळग? ते तर मलाच खोटं वाटतं. मला तू म्हणा प्लीज."

बरं, तू म्हणते. आणि तुझ्या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करते कारण सगळ्या पत्रात मला तेच जास्त खरं वाटलं. अभिमान बाळग हे तिला सांगायला तुझं तोंड उघडत नाहीये ना, नकोच उघडूस. पुण्यात खुर्चीत बसून मला असले उपदेश करायला काय जातंय, पण तिला त्या ॲक्सेंटपायी दर महिन्याला किती डॉलर कमी मिळतात ते तिला माहितीये. तिला काम हवंय, आणि त्यासाठी ती दिवसभर उभं राहून थकलेली असताना तुझ्या वर्गाला येते.

पण "काढून द्या" या शब्दाशी मात्र मी अडले. दाढ काढतात तसा ॲक्सेंट उपटून काढता येतो असं तिला वाटतंय, सहा वर्षं दातांच्या दवाखान्यात घालवल्यावर वाटणारच म्हणा. आणि बघ, तू लिहिलंयस त्याप्रमाणे मॅनेजर ॲक्सेंट हा शब्द म्हणालाच नाही, तो म्हणाला "कळणार नाही". ॲक्सेंट हा शब्द तिने घातला आणि तुझ्या मनात तो आधीपासूनच ठाण मांडून होता म्हणून तुलाही खटकला नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत गं. कॅनडातल्या मरे मनरो आणि ट्रेसी डरविंग या दोघा संशोधकांनी 1995 साली मँडरिन बोलणाऱ्यांचं इंग्लिश रेकॉर्ड करून लोकांना ऐकवलं होतं, तर ऐकणारे एकीकडे म्हणायचे की ॲक्सेंट खूप जड आहे, आणि दुसरीकडे तेच वाक्य शब्दन्शब्द बरोबर लिहून काढायचे. म्हणजे बोलणं परकं वाटतं, पण कळतं. तिला परकेपणा घालवायचा नाहीये, घालवू म्हटलं तरी चाळिशीला ते फार थोड्यांना जमतं, तिला फक्त जिथे समोरच्याचं कळणं तुटतं त्या जागा सांधायच्या आहेत. त्या जागा मोजक्या असतात. पन्नास नसतात.

आता त्या जागा कुठल्या हे तू ठरवायचं नाहीस, मी तर नाहीच नाही. तिला फोन करायला लाव. खरोखरचा फोन, कारण तिची नोकरी फोनवर आहे आणि साध्या फोन लाइनवरून आवाजाचा वरचा पट्टा कापला जातो, त्यामुळे स, फ आणि थिंकमधला थ हे समोरासमोर वेगळे ऐकू येणारे आवाज तिथे एकमेकांत मिसळतात. रिसेप्शनवर बोलली जाणारी वीस वाक्यं तिच्याकडूनच लिहून घे, तिने सहा वर्षं भिंतीपलीकडून ऐकलीयेत ती, आणि तिला न ओळखणाऱ्या चार जणांना फोनवर ऐकवून त्यांना जे ऐकू आलं ते लिहायला सांग. लायब्ररीतली कुणी, तुझी शेजारीण, त्या कॉलेजच्या मुलाचे मित्र, कुणीही. जिथे चौघांपैकी दोघा-तिघांनी चुकीचं लिहिलं तिथे लाल खूण. हा तुझा अभ्यासक्रम. बाकी जे ऐकायला वेगळं आहे पण चौघांनीही बरोबर लिहिलं, त्याला हातसुद्धा लावू नकोस.

हे मी एवढं ठासून सांगतेय कारण मी स्वतः एकदा याच्या उलट प्रकारातून गेलेय. 2003 साली मी पुण्यात एका कॉल सेंटरला लागले होते, रात्रपाळी, सूमो घ्यायला यायची. तिथे आमच्या बोलण्यातल्या मराठीला एमटीआय म्हणायचे, मदर टंग इन्फ्लुअन्स, आणि ते अशा आवाजात म्हणायचे की वाटायचं अंगावर उवा झाल्यात. दोन आठवडे आमच्याकडून वॉटरचं वॉडर आणि र तोंडात गोल फिरवणं करून घेतलं. फ्लोअरवर तिसऱ्याच रात्री एक म्हातारी बाई, मी तिला म्हणतेय "युवर पॅक", म्हणजे तिचा इंटरनेटचा पॅक, आणि ती म्हणतेय "माझी पाठ ठीक आहे गं बाळा, गुडघे दुखतात". पॅकचं बॅक झालं होतं. वॉडर आणि गोल र मला एकदाही उपयोगी पडला नाही, आणि प शब्दाच्या सुरुवातीला इंग्लिशमध्ये हवा सोडून म्हणायचा असतो हे मला दोन आठवड्यांत कुणी सांगितलं नाही, कारण सांगणाऱ्यांना ते स्वतःलाच माहीत नव्हतं, त्यांनी कुठूनतरी अमेरिकन चाल उचलली होती एवढंच.

आणि गंमत अशी की तुझ्या मेक्सिकन बायकांचंही नेमकं हेच होतं. स्पॅनिशमधला प, त, क हा आपल्यासारखाच कोरडा, हवा न सोडता. अमेरिकन कानाला त्यांचं पाय बाय ऐकू येतं. आपल्याकडे निदान प आणि फ, क आणि ख, त आणि थ अशी जोडी आहे, त्यामुळे थोडं ख कडे झुकवून काइट म्हण म्हटलं की आपल्याला लगेच कळतं, त्यांच्याकडे ती जोडीच नाही. मग टिश्यू पेपरचा पातळ पापुद्रा ओठांसमोर धरायचा, पॅक म्हटल्यावर हलला पाहिजे, बॅक म्हटल्यावर जवळजवळ नाही. वर्गात हे कर, हशा पिकतो आणि जमतंही.

आता तुझा दुसरा मुद्दा, की मी कोण शिकवणारी. मला सांग, ळ कसा काढायचा हे तू कुणा मेक्सिकन माणसाला कसं सांगशील? आपल्यातला कुणीही फक्त ळ ळ ळ करून दाखवेल आणि म्हणेल सोप्पं तर आहे. चाकाचा च आणि चिमणीचा च वेगळा आहे हे मराठी माणसाच्या आयुष्यभर लक्षात येत नाही, नीट दोन्ही म्हणतो तरी. तो अमेरिकन मुलगा इंग्लिशच्या बाबतीत तिथेच उभा आहे. त्याच्या तोंडून येतं ते बरोबरच येतं, पण जीभ कुठे जाते ते त्याला ठाऊक नसतं कारण त्याला कधी शोधावंच लागलं नाही. तुला शोधावं लागलंय, अजूनही शोधतेयस. टी म्हणताना आपली जीभ वळून टाळूकडे जाते, ट. त्यांची जीभ दातांना टेकते, त. इंग्रजीचा टी या दोन्हीच्या मधे, दातांच्या मागच्या उंचवट्यावर. तू वरून खाली ये, त्या खालून वर येतील, मधे भेटा. हे त्या पोराला सांगता येईल का?

त्याला घालवू नकोस मात्र, आणि त्याच्यावर चिडूही नकोस, बिचारा फुकट येतोय. त्याला आवाज म्हणून वापर. वीस वाक्यं त्याच्याकडून रेकॉर्ड करून घे, मग लायब्ररीतल्या एखाद्या आजोबांकडून घे, एखाद्या कृष्णवर्णीय बाईंकडून घे, पक्क्या टेक्सन बोलीतलीही घे. जपानी लोकांना आर आणि एल मधला फरक ऐकायला शिकवण्याचे प्रयोग अमेरिकेत नव्वदच्या दशकात झाले, त्यातून हे पुढे आलं की एकाच माणसाचा आवाज ऐकून कान तयार होत नाही, वेगवेगळे आवाज ऐकवायचे आणि प्रत्येक वेळी बरोबर की चूक ते तिथल्या तिथे सांगायचं, मग कान सुधारतो आणि नुसता कान सुधारला तरी पाठोपाठ तोंडही थोडं सुधारतं. म्हणून आधी ऐकणं. आपल्याकडे सगळे उलटं करतात, म्हण म्हण म्हणून मागे लागतात आणि ज्याला फरक ऐकूच येत नाही तो काय म्हणणार.

चल आता डेंटल क्लिनिकमध्ये. फिलिंग. दात पोखरला की भरतात ते. स्पॅनिशमध्ये स्वर पाचच, आ ए ई ओ ऊ, बस, त्यामुळे फिलिंगची फीलिंग होते आणि "तुम्हाला दोन फिलिंग करावी लागतील"चं "तुम्हाला दोन भावना" होतं. आपण म्हणू की आपल्याला ऱ्हस्व-दीर्घ आहे, तर खरं सांग, रोजच्या बोलण्यात तू ते पाळतेस का, शाळेत शुद्धलेखनात मार्क जायचे ते त्यामुळेच. आणि इंग्लिशमध्ये हा फरक नुसता लांबीचा नाहीच, फिलिंगचा इ ढिला असतो, ओठ ताणायचे नाहीत, जबडा किंचित खाली, ए च्या दिशेने. फीलिंगला ओठ हसल्यासारखे ताणायचे. आरसा दे तिच्या हातात. दोघीदोघींची जोडी लाव, एकीने दोन्हीपैकी एक शब्द म्हणायचा, दुसरीने फिलिंगला डावा हात, फीलिंगला उजवा हात वर करायचा. चूक झाली तर नेमकी बोलणारीची की ऐकणारीची यावर जे भांडण होतं त्यातच अर्धं शिकून होतं.

मग हॅट, हट आणि हॉट. या तिन्हीचं त्यांच्या तोंडून जवळजवळ "हात" होतं, आणि त्यातला ह कित्येकदा ख कडे झुकतो कारण स्पॅनिशमध्ये लिहिलेला एच मुका आणि जे चा उच्चार घशातून खरवडून. इथे तुझ्याकडे एक खजिना आहे जो त्या अमेरिकन मुलाकडे नाही. आपण इंग्लिश शब्दांसाठी ॲ आणि ऑ ची चंद्रकोर वापरात आणली, आणि अ तर आपला पहिलाच स्वर. तो साधा, तोंड सैल सोडलेला अ इंग्लिशमध्ये जागोजागी आहे आणि स्पॅनिशमध्ये नाहीच. बनाना हा शब्द त्या बा-ना-ना असा तिन्ही अक्षरं खणखणीत म्हणतील, इंग्लिश कानाला हवाय बनॅन, पुढेमागे अ आणि मधे एकच ठळक. तुझ्या वहीत देवनागरीत लिहून ठेव, त्यांना दाखवू नकोस, तुला स्वतःला कळायला.

यावरूनच आघाताचा मुद्दा, आणि माझ्या मते एकट्या आवाजांपेक्षा हा दसपट महत्त्वाचा, पण शिकवणारे याला शेवटच्या दहा मिनिटांत उरकतात. हॉस्पिटल, ॲनिमल, डॉक्टर, हे शब्द स्पॅनिशमध्येही आहेत, स्पेलिंगसुद्धा तेच, म्हणून त्या बिनधास्त बोलतात. पण स्पॅनिशमध्ये जोर शेवटी, ओस्पिताSSल, आनिमाSSल, दोक्तोSSर, आणि इंग्लिशमध्ये जोर पहिल्याच अक्षरावर आणि मागचं सगळं गिळलेलं. जोर भलतीकडे पडला की ऐकणाऱ्याच्या डोक्यात दुसराच शब्द शोधला जातो, मग तुझे बाकीचे आवाज कितीही शुद्ध असोत. आपलंही हेच, आपण सगळी अक्षरं सारख्या मापाने वाढतो, पंगतीत वाढल्यासारखी. प्रत्येकीला एक जाडसर रबरबँड दे, दोन्ही अंगठ्यांत धरायचा, जोराच्या अक्षराला ताणायचा, बाकीच्यांना सैल. थर्टीला सुरुवातीला ताण आणि थर्टीनला शेवटी ताण, कारण अपॉइंटमेंटच्या फोनवर तीस आणि तेरा यात गल्लत झाली की पेशंट भलत्याच दिवशी दारात उभा.

थर्सडे आणि ट्यूजडे तर आणखी वाईट. तिच्याकडून थर्सडेचा तर्सडे होतो आणि लाइनवर तो ट्यूजडे ऐकू येतो. थ बद्दल जाणकारांत मतभेद आहेत, जेनिफर जेनकिन्सने 2000 साली जगभरच्या लोकांनी आपसात इंग्लिश बोलायला कोणते उच्चार लागतातच याची यादी मांडली त्यात हा थ घेतलेलाच नाही, आणि सर्वसाधारण गप्पांसाठी मलाही ते पटतं. पण ही बाई काम करते दातांच्या दवाखान्यात, जिथे टूथ दिवसातून शंभर वेळा म्हणायचं आहे, आणि थर्सडे दर आठवड्याला येतो. तिला थ शिकव. जीभ दोन्ही दातांच्या मधे किंचित बाहेर आणि वारा सोडायचा, आपला थाळीतला थ नव्हे बरं का, तो तर आपण वारा अडवून सोडतो, म्हणून तुझंही थिंक चुकतंच.

पण दुसरा थ, म्हणजे दिस, दॅट, मदर यातला, तो त्यांच्याकडे आयता आहे, फक्त त्यांना माहीत नाही. तिला "नादा" म्हणायला सांग, स्पॅनिशमध्ये नादा म्हणजे काही नाही, "दे नादा" म्हणजे आभार कसले. आणि तिच्या तोंडाकडे नीट बघ. त्यातला द आपल्या दगडातल्या द सारखा टेकत नाही, जीभ दातांना हलकेच लागते न लागते आणि आवाज पाझरतो. तोच मदरमधला आवाज. तिला सांग, नादातला द उचल आणि दॅटच्या सुरुवातीला लाव. आणि हे तू तिच्याकडून शीक, कारण तुझ्या तोंडी दॅटचा द पक्का मराठी असणार, पैज लावते. तसंच मिस्मो हा त्यांचा शब्द, म्हणजे तोच, त्यातला स म पुढे आल्यामुळे झ कडे वळतो, झू आणि झिरो शिकवायला तिथून धागा काढ, नाहीतर सू आणि सिरो चालूच राहील.

स्पेल, स्माइल, स्टॉप यांच्या आधी ए लागतो, एस्पेल, एस्माइल, कारण त्यांच्या भाषेत स आणि व्यंजन शब्दाच्या सुरुवातीला येतच नाही, लॅटिनचं स्कोला त्यांच्याकडे एस्कुएला झालं. हसायचं कारण नाही, हिंदी पट्ट्यात इस्टेशन म्हणतात आणि आपल्या गावाकडे ठेसन, प्रत्येकजण आपापल्या परीने ते जोडाक्षर सोडवतो. उपाय साधा आहे. स्पेल एकटा शिकवूच नकोस. रिसेप्शनवर कुणी नुसतं स्पेल म्हणत नाही, म्हणतात "प्लीज स्पेल युवर लास्ट नेम", आणि प्लीजच्या शेवटचा आवाज तसाच ओढत स्पेलमध्ये न्यायचा, प्लीSSस्पेल, ए ला शिरायला फटच राहत नाही.

आणि नावाचं स्पेलिंग घेताना जो घोळ होतो त्याच्याकडे कुणाचं लक्षच जात नाही. स्पॅनिशमध्ये ई या अक्षराचं नाव ए आणि आय या अक्षराचं नाव ई. म्हणजे पेशंट फोनवर ए सांगतो आणि तिचा हात सवयीने ई लिहितो, तो ई सांगतो आणि ती आय लिहिते. चूक उच्चाराची नाहीये, कानापासून हातापर्यंतच्या रस्त्यातली आहे, आणि मॅनेजरला ती दिसेल ॲक्सेंट म्हणून. यावर रोज पाच मिनिटं, पंधरा आडनावं ऐकायची आणि लिहायची, दुसरं काही नाही. बी आणि व्ही त्यांच्याकडे एकच आवाज, व्हाका म्हणजे गाय पण म्हणतात बाका, मेक्सिकोत शाळेत मुलांना बे ग्रांदे आणि बे चीका, मोठा बे आणि छोटा बे, असं सांगून वेगळं करावं लागतं. तर फोनवर तिने बी ॲज इन बॉय, व्ही ॲज इन व्हिक्टर असं म्हणायची सवय लावावी. आपण नाही का अजून बी फॉर बॉम्बे म्हणत, शहराचं नाव बदलून इतकी वर्षं झाली तरी.

एवढं सगळं एका महिन्यात करू नकोस. एका आठवड्यात लाल खुणेतल्या दोन गोष्टी. घरी दहा मिनिटं, तिने फोनवर रेकॉर्ड करायचं आणि मूळ रेकॉर्डिंगच्या मागून नाही तर त्याच्याबरोबर, सावलीसारखं बोलायचं, वीस सेकंदांचा तुकडा, पुन्हा पुन्हा, कपडे धुताना, बसमध्ये. तीन महिन्यांनी त्याच चार जणांना पुन्हा फोन, जुन्या आणि नव्या लिहिलेल्या कागदांची तुलना. तो कागद तिच्या पर्समध्ये असू दे.

कारण मॅनेजरचं प्रकरण राहिलंच. तिचं बोलणं पेशंटला कळत नाही हे त्याने कशावरून ठरवलं, कुणाला ऐकवलं होतं का? अमेरिकेत डोनाल्ड रूबिन नावाच्या प्राध्यापकाने 1992 साली एकाच अमेरिकन बाईच्या आवाजातलं लेक्चर विद्यार्थ्यांच्या दोन गटांना ऐकवलं, एका गटासमोर गोऱ्या बाईचा फोटो, दुसऱ्यासमोर आशियाई बाईचा. आवाज तोच. आशियाई फोटो बघणाऱ्यांना ॲक्सेंटही ऐकू आला आणि लेक्चरही कमी कळलं. तेव्हा काही वेळा तुटणारी जागा ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत असते आणि तिथे तुझे रबरबँड चालणार नाहीत, हे तिला आधीच सांगून ठेव, म्हणजे सगळं करूनही नाही जमलं तर ती स्वतःलाच खात बसणार नाही.

तिथला 1964 चा नागरी हक्क कायदा आहे, त्यानुसार नुसता ॲक्सेंट आहे म्हणून बढती नाकारता येत नाही, ॲक्सेंटमुळे ते काम करायला खरोखर अडथळा येत असेल तरच. पण त्या कलमाला पंधरा किंवा जास्त कर्मचारी असावे लागतात आणि डेंटल क्लिनिक म्हणजे कित्येकदा आठ-दहा माणसांचं असतं, तेव्हा आधी तिथे किती जण आहेत ते मोजायला सांग. तक्रारीला मुदत असते, साधारण 180 दिवस, काही राज्यांत 300, म्हणून त्या दिवशी मॅनेजर काय म्हणाला ते तारखेसकट लिहून ठेवायचं आणि एखाद्या फुकट कायदेशीर मदत केंद्रात विचारून यायचं. भांडायला जा असं मी म्हणत नाहीये, सहा वर्षांची नोकरी आहे, घर त्यावर चालत असेल. तिने मॅनेजरला आधी एवढंच विचारावं की माझे कोणते शब्द कळले नाहीत ते सांगा, आणि एक आठवडा दुपारचे दोन तास फोन घेऊन बघू द्या. आणि त्याला हेही आठवण करून द्यावं की सॅन अँटोनिओत अर्ध्याहून जास्त लोक हिस्पॅनिक आहेत, त्यातल्या कित्येकांच्या घरात आजी-आजोबा स्पॅनिशच बोलतात, ते फोन करतात तेव्हा मागच्या खोलीतून तिलाच हाक मारून बोलावत असणार. मी म्हणते, असेल तसं तर ती सहा वर्षं रिसेप्शनचं अर्धं काम फुकट करतेय.

जाता जाता, माद्रिद-बार्सिलोनात राहणाऱ्या आणि पुण्यातून ऑनलाइन शिकवणाऱ्या ज्या दोघीतिघींची अशीच पत्रं आली होती त्यांच्यासाठी. स्पॅनिश बोलणारे म्हणून सगळ्यांना एकच यादी लावू नका. माद्रिदच्या माणसाला थिंकमधला थ शिकवायची गरजच नाही, तो ग्रासियासमध्ये तोच आवाज काढतो. ब्युनोस आयर्सवाल्याला शूजचं चूज होत नाही कारण रस्त्याला तो काशे म्हणतो, श त्याच्याकडे घरचा आहे. मेक्सिकोच्या उत्तरेला चिवावाकडे तर च चाच श करतात, म्हणून त्यांचं उलटं होईल, चेअरचं शेअर. आधी ऐका, मग शिकवा.

आणि तुझं व्ह आणि व. मुलगी बरोबर सांगते. आपल्या मराठी व ला ओठ धड गोल होत नाहीत आणि दात धड ओठाला टेकत नाहीत, तो मधेच लोंबकळतो. व्हेस्टला वरचे दात खालच्या ओठावर ठेवून झिणझिण्या येईपर्यंत आवाज काढ, वेस्टला दात लपव, ओठ शिट्टीसारखे कर. पुढच्या मंगळवारी वर्गात सगळ्यांसमोर सांग की हा माझा अडलेला आवाज आहे, तुमच्याबरोबर मीही करणार, आणि आरसा स्वतःपासून फिरव. व्हॉलीबॉल हा शब्द पहिला घे. नवऱ्याला पण एकदा म्हणायला लाव, मला खात्री आहे त्यालाही येत नाही.